त्या डागावरून झालेलं आपलं भांडण

वहिनी,

तुमच्या तेराव्याला सोसायटीच्या आवारात इतक्या गाड्या लागल्या, की लग्नबिग्न आहे का म्हणून वॉचमन वर येऊन विचारून गेला. दादांनी त्यालाच हाताला धरून जेवायला बसवलं. गाड्यांतून उतरलेल्या सगळ्या बायका होत्या आणि सगळ्या स्वतः गाडी चालवत आल्या होत्या. कुणी नवघर रोडवरून, कुणी मीरा रोडहून, एक तर घोडबंदरमार्गे पार ठाण्याहून. प्रत्येकीपाशी तुम्ही तिच्यावर ओरडल्याची एक तरी गोष्ट होती आणि ती सांगताना प्रत्येक जण हसत होती. फोटोपुढे एवढं हसणं बरं का, असं दादांच्या मावशी माझ्या कानात म्हणाल्या. ते दादांनी ऐकलं. म्हणाले, "हसू दे, मावशी. रडून झालंय आमचं."

मला मात्र त्या दिवशी धड हसताही आलं नाही आणि रडताही. आपलं एक भांडण अर्ध्यावर राहिलं होतं ना.

मी धाकटी सून म्हणून या घरात आले तेव्हा थोरल्या जावेची मला धास्ती होती. परळची खोली सोडून सगळे नुकतेच भाईंदर पूर्वेला आले होते. दोघे भाऊ एकाच इमारतीत, तुम्ही वर, आम्ही खाली. पहिल्याच रविवारी तुम्ही विचारलंत, "सुधा, सायकल येते का तुला?" मी नाही म्हटलं. "मग गाडी लवकर शिकशील. सायकलवाल्या उगाच तोल सांभाळत बसतात." ज्यांना सायकल येते त्यांना तुम्ही याच्या बरोबर उलटं सांगता, हे मला फार उशिरा कळलं.

तुमचं माहेर मोरव्याचं. वडील मिठागरात, भावाचा मिठाचा टेंपो, आणि त्या टेंपोवरच तुम्ही लग्नाआधी गाडी शिकलेल्या. आमच्यात येऊन तुमची भाषा आमच्यासारखी झाली, पण राग आला किंवा फार थकलात की 'हाय' नि 'न्हाय' परत यायचे. तुमची रश्मी शाळेत जायला लागल्यावर तुम्ही एक जुनी मारुती घेतलीत, शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक बसवून घेतलात आणि फक्त बायकांना शिकवायला लागलात. भाईंदरमध्ये तेव्हा बाई गाडी चालवताना दिसली की लोक वळून बघायचे, आणि तुम्ही खिडकीतून त्यांना हात करायचात.

तो दिवस मला जिग्नाबेननी इतक्यांदा सांगितलाय की मी स्वतः मागच्या सीटवर होते असं वाटतं. समोरच्या विंगमधल्या जिग्नाबेन, नवऱ्याचं कापडाचं दुकान, हातात स्टिअरिंग आलं की घामाघूम. तुम्ही त्यांना गोल्डन नेस्टच्या चौकापुढे रुंद रस्त्यावर नेलं होतं. चालत्या गाडीत तुमचा डावा हात उडायला लागला. आधी बोटं, मग कोपरापर्यंत. त्यांना वाटलं, तुम्ही कसलीतरी खूण करताय. तुम्ही आपल्या बाजूचा ब्रेक दाबून गाडी थांबवलीत, उजव्या हातानं डावा हात मांडीवर धरून ठेवलात आणि म्हणालात, "जिग्नाबेन, घबराओ मत. अब दवाखाने चलो. मैं बोलूंगी वैसा करो." त्या तोवर दुसऱ्या गिअरच्या पुढे गेलेल्या नव्हत्या. तुमचा हात उडत होता, ओठ वाकडा झाला होता आणि तुम्ही सांगत होता, तिसरा टाका, हॉर्न द्या, आता क्लच. दवाखान्याच्या दारात गाडी नीट लावून घेतलीत आणि मग शुद्ध हरपली. जिग्नाबेन तेराव्यालाही तेच म्हणाल्या, "उस दिन मैं गाडी सीख गई, सुधाबेन."

मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ होती. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. गाठ वाईटच होती, पण सावकाश वाढणाऱ्यातली. सगळी निघाली नव्हती. उरलेल्यासाठी रेडिएशन द्यायचं ठरलं. दादांनी आणि माझ्या नवऱ्यानं, विलासनं, डॉक्टरांना बाहेर गाठून विनंती केली, की तिला सगळं सांगू नका. दोघांचा हेतू चांगलाच होता. पण डॉक्टर आत येऊन गोलगोल बोलायला लागले तसं तुम्ही ओळखलंत. डोक्याला पट्टी, आवाज खोल गेलेला, तरी म्हणालात, "डॉक्टर, डोकं माझं आहे. आधी मला सांगा. मग यांना कसं सांगायचं ते मी बघते."

आणि खरंच, शेवटपर्यंत आम्हाला तुम्हीच सांगत आलात.

माझं ऑफिस त्या बाजूला, म्हणून रेडिएशनला तुमच्याबरोबर मी जायचं ठरलं. दादांना हॉस्पिटलच्या वासानं चक्कर यायची. ते खाली झाडाखाली बसून राहायचे. डोकं जराही हलू नये म्हणून तुमच्या चेहऱ्यावर बसेल असा जाळीचा मुखवटा केला होता. तो टेबलाला अडकवला की पापणी हलवायलाही जागा नाही. रोज बाहेर आलात की गालांवर त्या जाळीच्या चौकटी उमटलेल्या असायच्या. रेडिएशन संपलं त्या दिवशी तुम्ही तो मुखवटा मागून घेतलात. दादांना तो घरात नको होता. तुम्ही बाल्कनीत कबुतरांपासून मिरचीची रोपं वाचवायला तो उपडा घातलात. मिरच्या चांगल्या आल्या.

गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केली. तुम्ही तेही तुमच्या पद्धतीनं पाळलंत. तुमच्याच एका जुन्या विद्यार्थिनीला शिकवायला पुढे बसवलंत आणि स्वतः मागच्या सीटवर बसून दोघींवर ओरडायला लागलात.

मग सुरू झाले दर काही महिन्यांचे एमआरआय. रेडिएशन संपलं म्हणजे आजार संपला असं मला आपलं वाटलं होतं. खरं तर तिथून पुढे वाट बघणंच सुरू झालं. एमआरआय जवळ आला की घरात सगळ्यांचा आवाज खाली जायचा. तुम्ही डबे घासायला काढायचात. रश्मी उगाच चिडायची. दादा देवापुढे जास्त वेळ बसायचे आणि तुम्ही विचारायचात, "काय मागताय एवढं? एकदाच मागा नि उठा." फिल्म आली, डॉक्टरांनी ती दिव्यापुढे धरली, 'तसंच आहे' म्हणाले, की आम्ही सगळे परत माणसांत यायचो. हॉस्पिटलबाहेर आपण दोघी बटाटेवडा खायचो, आणि पुढचा एमआरआय येईपर्यंत आजाराचं नाव कुणी काढायचं नाही, असा तुमचा नियम होता.

दुसऱ्या वर्षी मीरा रोडच्या सेंटरमधून आलेल्या फिल्मवर पांढरा डाग दिसला. जिथे गाठ होती तिथेच. मलासुद्धा दिसला, ज्या मला त्या फिल्ममध्ये एरवी काळ्या-करड्या ढगांपलीकडे काही कळत नाही. ज्यांनी ऑपरेशन केलं होतं ते डॉक्टर म्हणाले, गाठ परत आलेली दिसते, लवकर उघडलेलं बरं. मात्र यावेळी डावा हात जाण्याची शक्यता मोठी, पायावरही परिणाम होईल. रेडिएशनच्या डॉक्टरबाईंनी थोडं थांबायला सांगितलं. त्यांनी समजावलं ते मला अजून आठवतंय. परत आलेली गाठ आणि रेडिएशननं करपून मेलेला भाग, दोन्ही साध्या एमआरआयमध्ये सारखेच पांढरे दिसतात. चित्रावरून ओळखता येत नाही. त्या डागात नेमकी कुठली द्रव्यं आहेत आणि तिथे रक्त किती जातंय, हे दाखवणारी नवी तपासणी आता मुंबईत होते. गाठ वाढत असेल तर ती रक्त ओढून घेते. मेलेला भाग काही ओढत नाही.

त्या तपासणीला जिग्नाबेननी आपल्याला स्वतःच्या गाडीतून नेलं. हायवेवर त्या पहिल्यांदाच. दहिसरच्या नाक्यापासून तुम्ही मागून सूचना देत होता, डावीकडे ट्रक आहे, घाई नको, आरशात बघा. ज्या कामाला निघालो होतो त्याची आठवणही होऊ दिली नाहीत.

तिथे मला आत बसू दिलं. मंगळसूत्र, घड्याळ, केसांच्या पिना, सगळं बाहेर ठेवून, कानांत कापूस घालून मी तुमच्या पायांशी स्टुलावर बसले. तुम्ही त्या नळकांड्यात खांद्यापलीकडे गेलेल्या, फक्त पाय बाहेर. मशीन ठोकल्यासारखा आवाज करत होतं. मी तुमच्या पायाचा अंगठा धरून ठेवला होता. मध्येच तुमचा उजवा पाय किंचित दाबल्यासारखा व्हायचा आणि मला वाटायचं, परत झटका येतोय की काय. काचेपलीकडून तो माणूस माइकवरून म्हणाला, "मॅडम, पाय हलवू नका." बाहेर आल्यावर मी विचारलं, काय होत होतं? तुम्ही म्हणालात, "गाडी चालवत होते गं. वेस्टला उतरले, मुर्धा, राई, मोरव्यापर्यंत गेले. मध्ये म्हशी आडव्या आल्या."

निकालाच्या दिवशी दादाही वर आले. भिंतीला टेकून उभे राहिले, पण आले. डॉक्टरबाईंनी आलेख दाखवला, उंच-सखल टोकांचा. वाढत्या गाठीत जे टोक उंच जातं ते इथे वर गेलेलं नव्हतं. रक्ताच्या नकाशातही ती जागा निळी-काळी, थंड होती. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, "म्हणजे हे जिवंत आहे का मेलेलं?"

"बहुतेक मेलेलं," त्या म्हणाल्या. "बहुतेक म्हणतेय हं. नक्की नाही सांगू शकत. नक्की हवं असेल तर उघडूनच बघावं लागेल."

"बहुतेक चालेल मला," तुम्ही म्हणालात. "रस्त्यावर कुठे नक्की असतं? पुढचा बहुतेक थांबेल, एवढ्यावरच आपण चालवतो."

डॉक्टरबाई हसल्या. मी नाही हसले. आपलं भांडण परतीच्या गाडीत झालं, जिग्नाबेनच्या देखत, वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत. माझं म्हणणं एवढंच होतं, की त्या स्वतः नक्की नाही म्हणतायत, तर तो धोका डोक्यात ठेवून फिरायचं कशाला? काढून टाकावं, मोकळं व्हावं. दादा माझ्याच बाजूचे होते, पण बोलत नव्हते, म्हणून मी त्यांच्याही वाटचं बोलत होते. तुम्ही म्हणालात, हात गेला तर? मी म्हटलं, जीव राहील ना.

"त्या जिवाला हात लागतो, सुधा."

"रश्मीला आई लागते."

तुम्ही तोंड खिडकीकडे वळवलंत. मला वाटलं, तुम्ही ऐकलंत. मग म्हणालात, "न्हाय. कापायचं न्हाय." मोरव्याची भाषा आली, तेव्हा मला कळलं की आता विषय संपला. जिग्नाबेननी गिअर बदलला, आणि कुठल्या गिअरवर आहात हे तुम्ही लगेच विचारलंत.

पुढचे महिने सोपे नव्हते. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी तुमचा चेहरा सुजला, भूक अशी लागायची की संध्याकाळी तुम्ही खाली येऊन माझ्या डब्यांची झाकणं उघडायचात. आपण एकमेकींशी नीट वागत होतो, पण तो विषय मधे होता. पुढच्या तपासणीत डाग तेवढाच होता. मी म्हटलं, बघा, गेला नाही. तुम्ही म्हणालात, बघ, वाढला नाही. त्याच्या पुढच्या वेळी मात्र तो लहान झाला होता. डॉक्टरबाईंनी दोन्ही फिल्म शेजारी लावल्या आणि दादांना जवळ बोलावलं. दादांनी चष्मा पुसला, नाक फिल्मला लागेल इतके वाकले आणि म्हणाले, "हो, लहान झालाय." जणू त्यांनी मान्य केल्याशिवाय तो लहान झाला नसता.

त्या डागासकट तुम्ही आणखी तीन वर्षं काढलीत, वहिनी. मला ती वर्षं सणासुदीवरून आठवत नाहीत. तुमच्या हातांवरून आठवतात. मोरव्याला गौरीला गेलात तेव्हा दोन्ही हातांनी तांदळाच्या भाकऱ्या थापत बसलेल्या तुम्ही. कोळंबी सोलताना डाव्या हातात धरून उजव्यानं शेपटी ओढणाऱ्या. रश्मी नोकरीला लागली त्या सकाळी तिचा पदर पिनेनं नीट करणाऱ्या, कारण ती साडी नेसण्यात तुमच्यावर गेली नव्हती. आणि मला गाडी शिकवलीत तीही त्याच वर्षांत. मागून माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवायचात. हाताचा दाब वाढला की समजायचं, वेग कमी करायचा. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. जावा-जावांत आभार मानायची पद्धत नाही, म्हणून राहून गेलं.

मग गेल्या दिवाळीनंतर चहाचा कप तुमच्या डाव्या हातातून सुटला. तुम्ही फरशी पुसलीत, दुसरा कप घेतलात आणि दादांना म्हणालात, एमआरआयची तारीख अलीकडे घेऊ. यावेळी आलेखाचं टोक उंच गेलं होतं आणि रक्ताच्या नकाशात लाल रंग होता. डॉक्टरबाई काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "यावेळी 'बहुतेक' नाही ना?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. ऑपरेशन होण्यासारखं राहिलं नव्हतं. औषधं देऊ, त्रास कमी करू, एवढंच त्या म्हणाल्या. गाठ नेमकी कुठे आहे, कशी आहे, हे त्या दिवशी आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही. परत आली, एवढ्या दोन शब्दांपुढे कुणाला काही सुचलंच नाही.

शेवटचे महिने तुम्ही घरीच होता. हॉलमधला पलंग खिडकीशी लावून घेतलात. खालून गाडी काढताना कुणी गिअर खरडला की तोंड वाकडं करायचात. दादा तुमच्या नखांपासून औषधांपर्यंत सगळं करायला शिकले. ज्यांना हॉस्पिटलच्या वासानं चक्कर यायची, ते. एका दुपारी ते जरा पडले होते आणि मी तुमच्या डाव्या हाताला तेल लावत होते. तो हात तेव्हा नुसताच अंगाशी पडून असायचा. तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, "अजून वाटतं तुला, तेव्हा कापायला हवं होतं?"

मी म्हटलं, "आता कशाला तो विषय, वहिनी."

"म्हणजे वाटतं."

मी तेल लावत राहिले. मला वाटत होतं, वहिनी. दिवाळीपासून रोज वाटत होतं. तो डाग तेव्हाच काढला असता तर आज तुम्ही अशा पडला नसता, असं मनात यायचं, आणि ते तुमच्या तोंडावर म्हणण्यासारखं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर तुम्ही खोटं ओळखलं असतंत. तुम्ही मग म्हणालात, बोटांच्या मधेही लाव. त्यानंतर तुमचं बोलणं कमी कमी होत गेलं आणि हा विषय तिथेच राहिला.

परवा मी तुमची उरलेली औषधं घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले. कुणा गरजूला उपयोगी पडतील म्हणून दादांनी पाठवली होती. त्यांनी बसवून घेतलं, पाणी दिलं, शेवटचे दिवस कसे गेले ते विचारलं. शांत गेले, मी सांगितलं. उठता उठता मला राहवलं नाही. म्हटलं, बाई, तेव्हा ऑपरेशन केलं असतं तर?

त्यांनी कपाटातून तुमच्या फिल्म काढल्या, एक ती जुनी आणि एक दिवाळीनंतरची, दोन्ही दिव्यावर लावल्या. जुन्या जागेवर पेन टेकवलं. तो डाग शेवटच्या फिल्ममध्येही होता, पण आक्रसून रेघेएवढा झालेला, त्याच्या आजूबाजूला काही नाही. मग पेन आत नेलं, खोल, मेंदूच्या मधोमध. "ही वाढ इथे झाली. हिचा त्या डागाशी संबंध दिसत नाही, मधला सगळा भाग चांगला आहे बघा. तेव्हा उघडलं असतं तरी ही आलीच असती." पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "फक्त हात तीन वर्षं आधी गेला असता."

मी मग त्यांना नमस्कार करून निघाले.

घरी आले तेव्हा दादा चहा करत होते. आता तेच करतात. मी त्यांना सगळं सांगितलं, जसं डॉक्टरबाईंनी सांगितलं तसंच, पेन कुठे टेकवलं तेसुद्धा. त्यांनी गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभे राहिले. मला वाटलं, रडतील. पण त्यांचा चेहरा खूप दिवसांनी सैल झाला होता. तुम्ही त्यांच्या मनावरही तेच ओझं ठेवून गेला होता, आणि त्यांनी मला ते कधी कळू दिलं नव्हतं.

चहा गाळून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तिला सांगितलंस?"

मी दचकून त्यांच्याकडे बघितलं. ते सावकाश म्हणाले, "मला कळतंय गं, ती नाही ते. पण सांग. भांडण तुझ्याशी होतं तिचं."

वहिनी, तुमचं बरोबर होतं.

तुमची,
सुधा